काकू, ते पान तुम्ही बाजूला ठेवलंत

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

ह्यांना टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरून आज तीन आठवडे झाले. इथे नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर आला, बँकेत खातं उघडलं आणि आता कुठे मला निवांत बसून लिहायला वेळ मिळाला. पत्र तुम्हाला आहे, पण चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. मात्र गावाकडून नवऱ्याला किंवा बायकोला कॅनडात आणण्यासाठी धडपडणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

२०२४ च्या मे महिन्यात मी नाइट शिफ्ट संपवून तशीच स्कारबरोला तुमच्या दारात उभी राहिले. हातात ह्यांना इकडे आणण्याच्या अर्जाची, गावाकडच्या एका एजंटाने तयार केलेली फाइल होती. त्यातल्या एका पानावर आमची प्रेमकथा लिहिली होती: कॉलेजात ओळख, तीन वर्षांचं प्रेम, मग घरच्यांचा होकार. खरं तर आमचं लग्न माझ्या मामांनी जमवलं. मी सुट्टीवर आले तेव्हा कांदेपोहे झाले, आठ दिवसांत सुपारी फुटली आणि पुढच्या महिन्यात अक्षता पडल्या. "ठरवून केलेलं लग्न तिथल्या साहेबांना खोटं वाटतं," असं एजंटाने सांगितलं आणि आम्ही घाबरून मान डोलावली.

तुम्ही चष्मा लावून सगळं वाचलंत. ते पान काढून बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, "अगं, झालं ते काय कमी आहे? तेच लिही की." मग शांतपणे समजावून सांगितलंत की खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं दार बंद होतं. मी मिरजेला नर्सिंग केलं, ह्यांचं शिक्षण इचलकरंजीत. मुलाखतीत कॉलेजचं नाव विचारलं असतं तर आम्ही काय सांगणार होतो? आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

पैसे घेऊन असं काम करायला वकिलीचा किंवा इमिग्रेशन सल्लागारांच्या 'कॉलेज' नावाच्या नियामक संस्थेचा परवाना लागतो, हेही मला त्या दिवशी कळलं. तुम्ही कॉम्प्युटरवर ती यादी उघडलीत. एजंटाचं नाव तिथे नव्हतं. तुम्ही स्वतः मात्र माझ्याकडून एक सेंटही घेतला नाहीत.

बँकेत चाळीस लाख दाखवावे लागतील, या धास्तीने मी डबल शिफ्ट करत होते. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या अर्जाला उत्पन्नाची किमान अटच नसते, आमच्यासारख्या मूलबाळ नसलेल्यांना तर नाहीच, हे तुमच्याकडून ऐकलं आणि मी तिथेच रडले. मात्र जी जबाबदारी होती ती तुम्ही झाकली नाहीत. ह्यांना पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाल्यापासून तीन वर्षं ह्यांच्या गरजांची हमी माझी, मधे संसार मोडला तरी. सही करण्याआधी ते कलम तुम्ही मला दोनदा वाचायला लावलंत. आणि अर्ज चालू असताना सहा महिने सासरी जाऊन राहायचा माझा बेतही तुम्ही मोडलात, कारण मी पीआर आहे, नागरिक नाही. स्पॉन्सर, म्हणजे जोडीदाराला बोलावणारा, पीआर असेल तर त्याने इथेच राहायला हवं.

त्यानंतरचे चार रविवार मी विसरणार नाही. फोनमधले फोटो छापून आणायला लावलेत आणि जेवणाच्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडलेत. लग्नाचा पुरावा म्हणून वीसच घ्यायचे होते. एजंटाच्या सांगण्यावरून मुद्दाम काढलेले महाबळेश्वरचे फोटो तुम्ही उलटे ठेवलेत. उचललात कोणता, तर सासूबाई माझी ओटी भरताना माझा भाचा मधे घुसलाय तो, जरासा हललेला. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहीत गेलात: तारीख, गाव, कोण कोणाचं कोण. "आत्या म्हणजे काय ते त्यांना कसं कळणार? वडिलांची बहीण असं लिही."

मग नावांचा घोळ. पीआर कार्डावर मधे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. कोल्हापुरातल्या जोडखात्याच्या पासबुकावर मधे ह्यांचं नाव आणि सासरचं आडनाव. लग्नपत्रिकेत तर 'चि. सौ. कां.' आणि पुढे घरातलं लाडकं नाव. परक्या माणसाला या तीन बायका वाटल्या असत्या. आपल्याकडे मधलं नाव कसं बदलतं यावर तुम्ही अर्ध्या पानाचं पत्र माझ्याकडून लिहून घेतलंत, पाच वेळा खोडून. पत्रिकेचं भाषांतर माझी नणंद करणार होती, ती इंग्रजीची प्राध्यापिका आहे. घरच्या माणसाने केलेलं चालत नाही म्हणून तुम्ही तिला स्वतः फोन केलात, आणि ती रुसली नाही ते तुमच्या बोलण्यामुळेच.

१,२०५ डॉलर फी भरली तेव्हा माझा हात थरथरत होता. पुढे ह्यांचे बोटांचे ठसे, मेडिकल, पीसीसी म्हणजे पोलिसांचा दाखला, सगळं रीतसर झालं. वाट बघण्याचे महिने मात्र फार जड गेले. दिवाळीच्या पहाटे मी एकटी असेन म्हणून तुम्ही उटणं आणि चकल्यांचा डबा घेऊन बसने आलात, गुडघे दुखत असताना. माझी आई इथे नाही. त्या दिवशी ते जाणवलं नाही.

ह्यांनी तुमच्यासाठी घरचा गूळ आणलाय, रविवारी घेऊन येतो. आणि एक विचारायचं आहे. माझ्या शिफ्टवर साताऱ्याची एक मुलगी आहे, नवरा तिकडे. तिच्या फाइलमध्येही तशीच कॉलेजातली ओळख लिहिलेली आहे. तिला सोबत आणू का? फोटो छापून आणायला मी सांगितलं आहे, पेन्सिल माझ्याकडे आहे.

तुमची,
कोल्हापूरची लेक