चेहऱ्यावरचा टॅटू लेझरने काढताय? आधी एक ठिपका मारून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत टॅटू काढण्यावर लेख आला होता, त्यात लिहिलं होतं की चेहऱ्यावरचा टॅटू काढायला सगळ्यात सोपा, लवकर जातो. खोटं नाहीये ते. पण अर्धंच सांगितलंय, आणि राहिलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे लोक भलत्याच हातात चेहरा देऊन बसतात. मी स्किनच्या डॉक्टरांकडे लेझर रूममध्ये मदतनीस आहे, डॉक्टर नाही, पण मशीनच्या शेजारीच उभी असते म्हणून लिहितेय.

सोपा का, ते आधी. टॅटूची शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, खाली असते, आणि आपल्याच शरीरातल्या पेशींनी ती गिळून धरून ठेवलेली असते. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की यातली एक पेशी मेली की सुटलेली शाई दुसरी नवी पेशी उचलते, म्हणून टॅटू वर्षानुवर्षं हलत नाही. लेझर काय करतो तर काही अब्जांश सेकंदाचा झटका देऊन शाईचे कण फोडतो, नवीन पिको मशीन त्याहून छोटा झटका देतात. मोठा दगड जागचा हलत नाही, खडी केली की पाटीने उचलता येते तसं हे. आणि ती उचलून नेण्याचं काम शरीरच करतं, चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे तिथे ते पटापट होतं, घोट्यावर होत नाही. पटापट म्हणजे तरी काय, दोन सिटिंगमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे जायलाच पाहिजेत आणि अशी बरीच सिटिंग लागतात, त्यामुळे "एका बैठकीत साफ" असं कोणी म्हणालं की तिथून उठायचं.

आता खरी गोम. आमच्याकडे चेहऱ्यासाठी येणाऱ्यांमध्ये कपाळावर नाव गोंदवलेले थोडे आणि भुवया, ओठ, आयलायनरचा परमनंट मेकअप बिघडलेले जास्त. या मेकअपच्या शाईत तपकिरी रंगासाठी आयर्न ऑक्साइड आणि फिकट गुलाबी, स्किन कलर शेडसाठी टायटॅनियम डायऑक्साइड घातलेलं असतं आणि त्याच्यावर लेझर पडला की रंग जायच्या ऐवजी क्षणात काळपट होऊ शकतो. म्हणजे बाई गुलाबी ओठ काढायला आली आणि राखाडी ओठ घेऊन गेली, असं खरंच होतं. लेझर मारल्या मारल्या कातडी पांढरी पडते त्यामुळे तेव्हा कळतही नाही, पंधरा-वीस मिनिटांनी ते पांढरं ओसरलं की दिसतं. काळं झालेलं पुन्हा लेझरने बऱ्याचदा घालवता येतं पण सिटिंग वाढतात आणि तोपर्यंत तेच तोंड घेऊन फिरायचं. म्हणून पहिल्या दिवशी अख्खी भुवई करायचीच नाही, कोपऱ्यात एक ठिपका मारायचा, काही आठवडे थांबायचं, मग बोलायचं. लोकांना हे पटत नाही, "एवढ्यासाठी आलो का" म्हणतात. हो, एवढ्यासाठीच.

सावळ्या कातडीचं अजून वेगळं. लेझरला शाई आणि आपला स्वतःचा रंग यातला फरक पूर्ण कळत नाही, त्यामुळे पांढरे नाहीतर काळे डाग राहू शकतात. त्यातल्या त्यात एनडी-याग नावाचा लेझर, 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा (लेझरच्या प्रकाशाचा प्रकार या आकड्यावरून ओळखतात), सावळ्या कातडीला सगळ्यात सेफ धरतात आणि तो काळ्या शाईवर चांगला चालतो. लाल रंगासाठी 532 नॅनोमीटरचा वापरतात, तिथे जास्त सांभाळून. भुवईचे केस सुद्धा काही काळ पांढरे पडू शकतात, ते आधीच सांगितलेलं बरं, नंतर आरडाओरडा होतो. आणि केस काढायचं आयपीएल मशीन टॅटूवर वापरणारे महाभाग पण आहेत!! त्याचा झटका हजारांश सेकंदांचा असतो, तेवढ्या वेळात उष्णता आजूबाजूला पसरते आणि कातडी भाजते, व्रण कायमचा राहतो.

डोळ्यांबद्दल तुमच्या लेखात एक ओळही नव्हती, उलट फोटोत भुवईवर लेझर चाललाय आणि पेशंटच्या डोळ्यांवर नुसता कापूस. संपादक साहेब, 1064 चा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, पण सरळ डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत (रेटिना) जातो, पापणी मिटायच्या आत झटका होऊन गेलेला असतो. भुवईच्या किंवा पापणीच्या जवळ काम असेल तर बधिर करणारे थेंब टाकून पापणीच्या आत धातूचं शील्ड बसवतात, बाहेरचा गॉगल तिथे पुरत नाही, कापूस तर नाहीच नाही. जिथे हे शील्ड ठेवतच नाहीत तिथे आयलायनर काढू नका, कितीही ओळखीचे असले तरी. तो फोटो निदान वेबसाइटवरून तरी बदला.

क्रीमने टॅटू जातो हे सोडूनच द्या, क्रीम त्या थरापर्यंत पोचत नाही आणि जे अॅसिड पोचतं ते कातडी जाळून पोचतं.

अजून एक राहिलं, ते डॉक्टरांना सुद्धा पेशंटने सांगितल्याशिवाय कळत नाही. चेहऱ्यावर काळे ठिपके आहेत पण टॅटू कधी केला नाही, फटाका नाहीतर बंदुकीची दारू तोंडावर उडून कण आत रुतलेत, असे लोकही लेझरला येतात. त्या दारूचे कण लेझरने कातडीच्या आतच पेटून छोटे स्फोट होऊ शकतात आणि खड्डे पडतात. डांबराचे, रस्त्यावर घासटून गेलेले कण वेगळे, ते लेझरने जातात. तेव्हा असं काही जुनं लागलेलं असेल तर ते नक्की कशाने झालं हे मशीन चालू करायच्या आधी सांगा, लहानपणीचं असेल तर घरच्यांना विचारून या.

तुमची एक वाचक
(लेझर रूममधली मदतनीस)