परदेशी लॅबमधल्या पहिल्या दिवसाबद्दलही छापा

मा. संपादक,

परदेशात रिसर्च इंटर्नशिपला कसं जायचं यावर पेपरांच्या पुरवण्यांमधे बरंच येतं, जर्मनीची डीएएडी वाइज, कॅनडाची १२ आठवड्यांची मायटॅक्स ग्लोबलिंक अशा इंटर्नशिप योजना, अर्ज, व्हिसा सगळं, पण तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी काय होतं हे फारसं कुणी सांगत नाही आणि पोरं नेमकी तिथेच गांगरतात.

पहिल्या दिवशी प्रयोग बहुतेक होतच नाही. आयडी कार्ड, चाव्या, सह्या आणि मग सेफ्टी ट्रेनिंग. ते कंटाळवाणं वाटतं पण प्लीज नीट ऐका, आयवॉश (डोळे धुवायचा नळ) आणि इमर्जन्सी शॉवर कुठाय, डोळ्यात केमिकल उडालं तर निदान १५ मिनिटं पाण्याने धुवायचं, कुठला कचरा कुठल्या डब्यात, इमर्जन्सीत फोन जर्मनीत ११२ ला आणि कॅनडात ९११ ला. लॅब नोटबुक पेनानेच लिहायची, तारीख टाकून, पान फाडायचं नाही, आणि वही लॅबची असते, निघताना तिथेच ठेवायची (हे बऱ्याच जणांना शेवटी कळतं).

पण सगळ्यात जड जातं ते प्रश्न विचारणं. आपल्याकडे सरांसमोर समजलं नाही तरी मान डोलवायची सवय, तिथे त्याने महागडं मशीन बिघडू शकतं, कुणाला इजा होऊ शकते. जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांना कॉलेजांनी तासभर तरी बोलायला बोलवावं आणि तुम्हीही त्यांचे अनुभव छापावेत ही मनापासून विनंती.

– एक संशोधक विद्यार्थिनी