माकडतापाचं पत्रक आणि काकीचा बोंडू

संपादक महोदय,

काजूचा सीझन जवळ आला, म्हणजे आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माकडतापाची पत्रकं परत वाटली जाणार, म्हणून छापायच्या आधीच लिहितोय. मागच्या सीझनचं पत्रक अजून आमच्या कॅलेंडरच्या मागे खोचलेलं आहे. वर भलामोठा वांदर, खाली व्हायरसचं इंग्रजी नाव जे घरात कोणालाच धड वाचता आलं नाही, मग लक्षणं, आणि शेवटी "घाबरू नका, काळजी घ्या". कसली काळजी ते मात्र विचारायचं नाही.

आमची काकी रोज डोंगरावर बिया वेचायला जाते. पत्रक तिला मीच वाचून दाखवलं होतं. त्यातून तिने काय घेतलं, तर वांदराने उष्टा केलेला बोंडू (काजूचं फळ) हाताने उचलायचा नाही, काठीने लांब लोटायचा, मग त्यातली बी गेली तरी चालेल. घरी आली की दोनदा साबणाने हात धुणार. आणि दुपारी? काजूखाली पातेरा (वाळलेला पाला) सारखा करून त्याच्यावरच बसून पेज जेवणार, संध्याकाळी त्याच पातेऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन खाली येणार. मी बोललो तर म्हणते, "आमच्या डोंगरात एक वांदर मेला नाही, मग ताप येणार कुठून?" आता सांगा, तिचं काय चुकलं? नाव माकडताप, चित्र माकडाचं, मग माणूस माकडालाच घाबरणार ना.

खरं म्हणजे माणसाला हा ताप येतो तो गोचीड चावून. १९५७ ला कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, सत्तरीत तो २०१५ पासून माहीत आहे. वांदर बिचारा आपल्यासारखाच आजारी पडून मरतो, आणि तो मेला की त्याच्या अंगावरची गोचीडं उतरून आजूबाजूच्या पातेऱ्यात जातात, म्हणून मेलेल्या वांदराला हात लावायचा नाही आणि लगेच कळवायचं. हे "म्हणून" पत्रकात कुठेच नव्हतं! आणखी एक गोष्ट, गोचीड म्हटलं की काकीच्या डोळ्यासमोर म्हशीच्या कानाला लागलेली ती टम्म फुगलेली येते, माणसाला चावणारं पिल्लू मात्र खसखशीच्या दाण्याएवढं असतं, चावलेलं कळत पण नाही. तसली टम्म गोचीड अंगावर दिसली नाही की काकीच्या हिशोबाने सगळं ठीक. गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायचं तेल मिळालं होतं, ते तिने ताप आला तर लावायला म्हणून फडताळात जपून ठेवलं होतं.

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करताना आम्हाला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीच्या मॉर्गन, फिशहॉफ वगैरे लोकांचं, धोका लोकांना कसा समजावायचा यावरचं काम शिकवलेलं, ते हल्ली सारखं आठवतं. त्यातलं एक उदाहरण म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू, त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. लोकांना धोका माहीत होता तरी घर तपासून घ्यायला काहीजण तयार नव्हते, का, तर त्यांना वाटायचं की एकदा रेडॉन शिरला की घर कायमचं बाटलं, मग तपासून करायचं काय. प्रत्यक्षात तो चार दिवसांच्या आत निम्मा होतो, येणारा वायू अडवला की घर ठीक. हे कळलं कसं, तर लोकांना बसवून त्यांच्या डोक्यातलं चित्र आधी ऐकून घेतलं म्हणून. त्यालाच ते मेंटल मॉडेल म्हणतात. तज्ज्ञांचं चित्र आणि लोकांचं चित्र बाजूबाजूला ठेवायचं आणि जिथे फट दिसेल तेवढंच सांगायचं, उगाच दहा पॉइंट नाही.

समुद्रावर पण हेच बघा, लाटा फुटत नाहीत ती शांत पट्टी बघून टुरिस्ट तिथेच उतरतो, आणि पुष्कळदा आत ओढणारा प्रवाह नेमका तिथेच असतो. नुसतं "धोका" लिहून त्याला काय कळणार.

तर माझं म्हणणं एवढंच की पत्रक छापायच्या आधी बिया वेचणाऱ्या वीसेक बायाबाप्यांना गाठा आणि विचारा, हा ताप कसा येतो ते पहिल्यापासून सांगा, आणि मध्ये त्यांना सुधारू नका (हे सगळ्यात कठीण, मला स्वतःला जमलं नाही). वांदराचं चित्र लहान करा, पातेऱ्यावर बसलेली बाई मोठी काढा. तेल डोंगरावर जायच्या आधी लावायचं हे ठळक लिहा. आणि हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही हे पण लिहा, कारण आमच्या वाड्यावर ज्याला झाला त्याच्याकडे महिनाभर कोणी फिरकलं नव्हतं.

काकीला मी शेवटी खसखस तळहातावर घेऊन दाखवली. तेव्हापासून ती पेज जेवायला खडकावर बसते. उष्टा बोंडू मात्र अजून काठीनेच लोटते.

आपला,
एक वाचक, वाळपई