एक रात्र सहस्रकुंडाला मुक्काम करा! किनवटच्या जंगलपट्ट्यातील ग्रामस्थांचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

श्रावणातल्या रविवारी सहस्रकुंडाला गाड्यांची रांग लागते. पैनगंगा काळ्या खडकावरून उडी घेते, तिच्या असंख्य धारा होतात आणि त्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. धबधब्याच्या अलीकडे आमचा मराठवाडा, पलीकडे विदर्भ. माणसं येतात, महादेवाचं दर्शन घेतात, फोटो काढतात, भाजलेलं कणीस खातात आणि दोन तासांत परत फिरतात. गावाला मिळतात कणसाचे पैसे, आणि सोमवारी सकाळी आमच्या लेकरांना गोळा कराव्या लागतात पोतंपोतं बाटल्या.

या पाहुण्यांना एक रात्र ठेवून घ्यायची आमची इच्छा आहे. त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

मराठवाडा म्हटलं की टँकर आणि उजाड माळ डोळ्यांसमोर येतो. याच मराठवाड्याच्या टोकाला सागाचं एवढं जंगल आहे, हे लातूर-बीडच्या माणसालाही सांगावं लागतं. किनवट तालुका निजामाच्या काळात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. तेव्हापासून आम्ही जिल्ह्याच्या कडेला आहोत. नांदेडहून किनवट सव्वाशे किलोमीटरच्या वर. दवाखाना लांब, कॉलेज लांब, बाजार लांब. गोंड, कोलाम, आंध, प्रधान आणि बंजारा तांड्यांचा हा मुलूख. पाऊस संपला आणि कापूस वेचून झाला की तरुण पोरं हैदराबादची नाहीतर पुण्याची वाट धरतात.

ही कल्पना एका आजीमुळे सुचली. गेल्या श्रावणात परभणीच्या एका कुटुंबाची गाडी संध्याकाळी बंद पडली. मिस्त्री सकाळीच येणार होता. आजीने त्यांना घरात घेतलं, चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापल्या, कर्टुल्याची आणि अंबाडीची भाजी केली. सकाळी तिचा नातू त्यांच्या लेकरांना रानात घेऊन गेला. मोर दाखवले, अस्वलाने उकरलेलं वारूळ दाखवलं, मोहाचं झाड ओळखायचं कसं ते शिकवलं. जाताना आजीने पैसे घेतले नाहीत, तर त्या बाईंनी तांब्याखाली पाचशेची नोट ठेवली. आजी ती नोट घेऊन ग्रामसभेत आली आणि म्हणाली, "हे कशाचे आहेत? मी तर फक्त जेवू घातलं." त्या रात्री सभा फार उशिरापर्यंत चालली.

ठरलं ते असं. जंगलपट्ट्यातल्या घरांमध्ये पाहुण्यांसाठी दहा खोल्या तयार करायच्या आणि पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेखाली त्यांची नोंदणी करायची. हॉटेल बांधायचं नाही. घरात एक स्वच्छ खोली, पक्का संडास आणि न्हाणी, मच्छरदाणी, सौर दिवा, आणि घरचं जेवण. पैसा त्या घरातल्या बाईच्या हातात जाईल.

इथं पोचणं वाटतं तेवढं अवघड नाही, पण शेवटचा टप्पा अडतो. मुंबईहून नंदीग्राम एक्सप्रेस छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत किनवटला येते. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनही आहे, मात्र प्रत्येक गाडी तिथं थांबत नाही. विमानतळ नांदेडला आहे. हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून भाविक येतात, माहूरला रेणुकामातेसाठी आणि दत्तशिखरासाठी येतात. या दोन्हींच्या मधे आम्ही आहोत. पण स्टेशनवर उतरलेल्या माणसाला काळीपिवळी भरेपर्यंत तास-तास बसावं लागतं आणि अंधार पडला की तीही मिळत नाही. म्हणून पहिली गरज आहे एका जीपची. जुनी चालेल. चालवायला, दुरुस्त करायला आमची पोरं आहेत.

दुसरी गरज जास्त तातडीची आहे. धबधब्याजवळचा खडक शेवाळाने निसरडा असतो, आणि वर इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की इथं ऊन असतानाही पाणी चढतं. काठावरच्या माणसाला ते कळत नाही. पुढे काय होतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पाण्यातून माणसं ओढून काढणारी पोरंही आमचीच आहेत, कमरेला साधी नाड्याची दोरी बांधून. त्यांना पक्के दोर, लाइफ जॅकेट, भोंगा आणि मोठे सूचनाफलक हवेत. धरणाचा इशारा आला की भोंगा वाजवायला माणूस बसवू. इतर सगळं थांबलं तरी हे येत्या पावसाळ्याआधी झालंच पाहिजे.

तिसरी गरज पैशाची नाही, ज्ञानाची आहे. पाड्यांकडे जाणारी वाट जंगलातून जाते. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे ग्रामसभेची शिफारस असेल तर रस्ता, पाण्याची टाकी अशा सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. झाडंही हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडता येत नाहीत. आम्ही ठराव केला आहे. मोजणी, नकाशा आणि प्रस्ताव करून देणारा माणूस नाही. कोणी निवृत्त अभियंता किंवा भूमापक आठ दिवस येऊन राहिला तर मोठं काम होईल. तसंच पक्षी ओळखायला शिकवणारे, प्रथमोपचार शिकवणारे डॉक्टर, परिसराचा सुबक नकाशा काढणारे विद्यार्थी, सगळे हवेत.

धबधबा फक्त पावसाळ्याचा, पण हे जंगल बारा महिन्यांचं आहे, हे आम्हाला लोकांपर्यंत न्यायचं आहे. माघ-फाल्गुनात पळस पेटतो. चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायला बाया निघतात तेव्हा सगळं रान गोड वासाने भरतं. उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. पैनगंगा अभयारण्य लागूनच आहे. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ नवं घर शोधत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला, तेराशेच्या आसपास किलोमीटर. तो या पैनगंगेच्या जंगलातूनच गेला. जंगलाची ही वाट टिकली म्हणून तो जाऊ शकला. ती टिकवायची तर गावाला जंगलातूनच रोजी मिळाली पाहिजे.

दिवाळीच्या सुमारास गोंड पाड्यांवर दंडारी, म्हणजे देवाच्या नाचाची मंडळी निघते, मोरपिसांचे मोठे टोप घालून घुसाडी म्हणजे त्यातले नाचणारे नाचतात. त्या दिवसांत या, बसा, पाहा, जेवा. मात्र तो नाच देवाचा आहे. पाहुण्यांनी पैसे दिले म्हणून तो वैशाखात होणार नाही, हे ग्रामसभेने आधीच ठरवलं आहे. दारू, डीजे आणि बाहेरच्या माणसाला जमीन विकून रिसॉर्ट, या तिन्ही गोष्टींनाही आमच्या ठरावात जागा नाही.

देणगी फक्त ग्रामसभेच्या समितीच्या बँक खात्यात द्यावी. खात्यावर तीन सह्या चालतात, त्यांतल्या दोन बचत गटाच्या बायांच्या आहेत. कोणाच्याही हातात रोख देऊ नये, आमच्या नावाने कोणी मागायला आलं तरी. जमाखर्च दर महिन्याला ग्रामसभेत वाचला जातो आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतो. वस्तू देणाऱ्यांनी गाद्या, सोलापुरी चादरी, स्टीलची भांडी, दुर्बिणी, पक्ष्यांची मराठी पुस्तकं द्यावीत. जुने कपडे कृपया पाठवू नयेत, ते पुष्कळ आले आहेत.

आणि ज्यांना काहीच देणं शक्य नाही त्यांनी पाहुणे म्हणून यावं. सध्या तीन खोल्या तयार आहेत, त्यांतली एक त्या आजीची. येण्याआधी दोन दिवस ग्रामपंचायतीत निरोप द्या आणि किती माणसं जेवायला आहेत ते सांगा. म्हणजे किनवट स्टेशनवर आमचा माणूस उभा राहील.

आपले,
समस्त ग्रामस्थ व ग्रामसभा,
सहस्रकुंड परिसर, ता. किनवट, जि. नांदेड