बरोडा आणि वडोदरा हे एकच गाव आहे

वडोदरा
१४ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, तक्रार निवारण,
क्रेडिट कार्ड विभाग

प्रत : विमान कंपनीचा सदस्य-योजना विभाग (ते म्हणतात बँकेला विचारा, बँक म्हणते त्यांना विचारा, म्हणून दोघांनाही)

विषय : विमान कंपनीचं नाव असलेल्या तुमच्या क्रेडिट कार्डासाठी तीन अर्ज, तीन नकार आणि लेखी कारण एकदाही नाही

आत्ताच, सहा वाजून दहा मिनिटांनी, तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला. ४७ मिनिटांचा कॉल झाला. त्यातली ३१ मिनिटं मी तुमची जाहिरातीची धून ऐकत होतो. ती आता मला पाठ आहे, हवी तर गाऊन दाखवतो. चहा घेऊन, डोकं थंड करून लिहा असं पत्नीनं सांगितलं. चहा घेतला आहे.

कार्डाचं वर्णन करत बसत नाही. ते तुमचं आहे, तुम्हाला माहीत असणारच. प्रवेश शुल्क किती, त्यावर १८ टक्के जीएसटी कसा, स्वागताच्या 'मोफत' तिकिटावरचे कर शेवटी कोण भरतो, हेही माहीत असणार. मला हे सगळं चालणार होतं. मुलगी बंगळुरूला असते, नात दीड वर्षाची आहे, पत्नीच्या गुडघ्यांना आता रेल्वेचा लांबचा प्रवास झेपत नाही. वर्षातून चार-पाच फेऱ्या होतात. त्यातली एक कार्डाच्या पॉइंटांवर निघाली तर बरं, एवढाच हिशेब होता.

कार्ड मागायला मी तुमच्या दारात आलो नव्हतो. २ मार्चला बंगळुरूहून परतलो तेव्हा हरणीच्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्याजवळ, तुमचं टेबल होतं. टाय लावलेला एक मुलगा माझ्या ट्रॉलीच्या आडवा आला. "अंकल, फक्त पाच मिनिटं." बॅग येईपर्यंत काय करायचं म्हणून उभा राहिलो. त्यानं टॅबवर पॅन आणि आधारचे फोटो काढले, ओटीपी विचारला आणि "हो गया" म्हणाला. शुल्क आणि व्याजाचं एक पानी माहितीपत्रक अर्जासोबतच द्यायचं असतं ना? त्यानं मला एक पेन दिलं. ते दुसऱ्या दिवशी बंद पडलं.

नवव्या दिवशी एसएमएस आला : "अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही." बस. कुठलं धोरण, कशाच्या आत, काही नाही. मी फोन केला तर सांगण्यात आलं की पत्ता जुळत नाही, पुन्हा अर्ज करा. केला. या वेळी व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून ओळख-तपासणी. खुर्चीत ताठ बसलो, पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं, कोऱ्या कागदावर सही करून दाखवली, सांगितलं तेव्हा डोळे मिचकावले. एकसष्टाव्या वर्षी बँकेच्या सांगण्यावरून डोळे मिचकावणं हा वेगळाच अनुभव आहे. मग तुमचा अधिकारी म्हणाला, "सर, फ्रेममध्ये दुसरी व्यक्ती दिसतेय, त्यांना बाहेर जायला सांगा." माझ्या मागे भिंतीवर सयाजीराव महाराजांची तसबीर आहे. महाराजांना बाहेर जायला सांगण्याची पद्धत आमच्याकडे नाही, म्हणून मीच खुर्ची फिरवली. तोपर्यंत कॉल तुटला. पाच दिवसांनी तोच एसएमएस, तेच अंतर्गत धोरण.

तिसरा अर्जही तुमच्याच माणसाच्या सल्ल्यानं केला. "सर, तुम्ही सेल्फ-एम्प्लॉइड आहात, दोन वर्षांचे रिटर्न जोडा, नक्की होईल." जोडले. तिसरा एसएमएस. आता मला तो मजकूर अनुस्वारासकट पाठ आहे. धून आणि एसएमएस, दोन्ही.

आता आजच्या फोनबद्दल. हे पत्र त्याच्यासाठीच लिहितोय, बाकीचं मी कदाचित गिळलंही असतं. बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत देतो. तुमच्याकडे रेकॉर्डिंग आहे, कारण 'प्रशिक्षण आणि गुणवत्तेसाठी' ते करता असं सुरुवातीलाच सांगता. कृपा करून ते कुणीतरी ऐका.

ती मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या अर्जात शहर वडोदरा आहे आणि क्रेडिट ब्युरोच्या नोंदीत बरोडा. दोन शहरं वेगळी असल्यानं सिस्टिम रिजेक्ट करते."

मी म्हणालो, "दोन्ही एकच आहेत."

"नाही सर, माझ्या स्क्रीनवर वेगवेगळी दिसतायत."

मी समजावून सांगितलं. जुन्या काळी इंग्रजीत बरोडा लिहीत, १९७४ मध्ये कागदोपत्री वडोदरा झालं, आम्ही मराठी माणसं बडोदं म्हणतो. ब्युरोकडे, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, माझं २००९ चं गृहकर्ज बरोड्याच्या पत्त्यावर नोंदलेलं आहे, ते वेळेत फेडलं आहे, घर तेच आहे. ती ऐकत होती. टाइपही करत होती, कळांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "ओके सर. म्हणजे बरोड्याहून वडोदऱ्याला तुम्ही कधी शिफ्ट झालात?"

"शिफ्ट झालो नाही. जन्मापासून याच घरात आहे."

"पण सर, शिफ्टिंगची तारीख मँडेटरी आहे."

इथे माझी चूक झाली, कबूल करतो. वैतागून मी म्हणालो, "लिहा १९७४."

"थँक यू सर. त्या वेळचं भाडेकरार किंवा लाइट बिल आहे का?"

१९७४ मध्ये मी दहा वर्षांचा होतो. भाडेकरार करत नव्हतो, पतंग उडवत होतो. हे मी तिला सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, घरात कुणी शिकलेलं असेल तर त्यांच्याकडे फोन देता का?"

साहेब, मी कारखान्यांच्या प्रेशर गेज आणि थर्मामीटरांचं कॅलिब्रेशन करतो, म्हणजे ती बरोबर माप दाखवतात का ते तपासतो. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेली ३४ वर्षं माझ्या सहीच्या दाखल्यावर बॉयलर चालतात. माझी इंजिनिअरिंगची पदवी इथल्याच विद्यापीठाची आहे. दांडिया बाजारातल्या माझ्या घरापासून कलाभवन, म्हणजे विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज, पायी दहा मिनिटांवर आहे. ते सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलं, तेव्हा तुमच्या 'सिस्टिम'चे पणजोबाही जन्माला आले नव्हते. पदवीवर विद्यापीठाचं नाव काय छापलंय माहितीये? महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बरोडा. आजही तेच नाव आहे. रेल्वे तिकिटावर स्टेशनचा कोड बीआरसी येतो. आणि ज्या विमान कंपनीचं नाव तुमच्या कार्डावर छापलंय, ती माझ्या बॅगेला जो टॅग लावते त्यावर बीडीक्यू असतं. त्यातला 'बी' कशाचा, ते तुमच्या भागीदारालाच विचारा. ते मला या गावात बिनतक्रार उतरवतात. तुम्हाला मात्र इथे कार्ड पाठवता येत नाही.

१९०८ मध्ये याच गावात एक बँक निघाली, तिच्या नावातही बरोडा आहे. ती तुमची नव्हे, हे लगेच स्पष्ट करतो, नाहीतर तीही 'वेगळं शहर' म्हणून नाकाराल.

त्या मुलीवर माझा राग नाही. स्क्रीनवर जे दिसतं ते वाचण्याचा तिला पगार मिळतो. पण स्क्रीनवर ते कुणी लिहिलं? 'शिकलेलं कुणी' हे वाक्य तिचं स्वतःचं की तेही स्क्रिप्टमध्ये आहे? फोन ठेवल्यावर मिनिटाभरात लिंक आली, 'आमच्या सेवेला १ ते ५ गुण द्या.' शून्याची सोय नव्हती.

आता नियमांबद्दल, कारण मीही वाचून आलोय. क्रेडिट कार्डांबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ चे निर्देश १ जुलै २०२२ पासून लागू झाले. अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं, असं त्यात साफ म्हटलंय. 'अंतर्गत धोरण' हे नेमकं कारण होत नाही. मी एखाद्या कारखान्याला 'अंतर्गत धोरणानुसार तुमचं गेज नापास' असं लिहून दिलं तर ते मला गेटबाहेर काढतील, आणि बरोबरच करतील. मला आकडा लिहावा लागतो : इतकं दाखवायला हवं होतं, इतकं दाखवलं, फरक इतका.

विमान कंपनीला वेगळं सांगतो. कार्ड देणं-नाकारणं बँकेच्या हातात, तुमचं काम विक्रीपुरतं आणि तिकीट-पॉइंटांपुरतं, हे मला मान्य आहे, नियमही तोच आहे. पण मग विमानतळावरच्या त्या टेबलावर कापड तुमच्या रंगाचं, मागचं चित्र तुमच्या विमानाचं आणि टायवर चिन्हही तुमचं का होतं? अर्ज घेताना दोघंही हजर आणि उत्तर द्यायची वेळ आली की दोघंही गैरहजर. आमच्या पोळातल्या (जुन्या गल्लीतल्या) गणपतीच्या वर्गणीचा हिशेबसुद्धा याहून सरळ असतो.

या सगळ्यात माझं प्रत्यक्ष नुकसान काय झालं, तेही ऐका. प्रत्येक अर्जामागे तुम्ही माझा क्रेडिट रिपोर्ट मागवलात. अर्ज नाकारला तरी चौकशीची नोंद राहतेच. वर्षातून एकदा मोफत मिळतो तो रिपोर्ट मी काढला. मार्चच्या आधी स्कोअर, म्हणजे माझ्या पतीचा (कर्जफेडीच्या विश्वासार्हतेचा) आकडा, ८०४ होता, आज ७७६ आहे. ३०० ते ९०० च्या मापात हा काही प्रलय नव्हे, मला कळतं. पण मी आयुष्यभर मापंच तपासत आलोय. काही न घेता, काही न बुडवता काटा २८ ने खाली आला, ही गोष्ट मला झोपू देत नाही. दुसरा आणि तिसरा अर्ज तुमच्या माणसांनी करायला लावला. तिसऱ्याच्या वेळी तर 'नक्की होईल' म्हणाले होते.

आणि हे वाचून हसा किंवा रडा : परवा रात्री पावणेनऊला फोन आला, "अभिनंदन सर, तुमच्यासाठी कार्ड प्री-अप्रूव्ड आहे." कुठलं कार्ड विचारलं. हेच. त्याच निर्देशांप्रमाणे अशा फोनांची वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७ आहे, ते एक असो. मी त्याला म्हटलं, मला तुम्हीच तीनदा नाकारलंय. तो म्हणाला, "सर, ते दुसरं डिपार्टमेंट." तेही वेगळं शहर असावं. पत्नीनं शांतपणे विचारलं, "अहो, तुम्ही त्यांच्याकडे कार्डच मागताय ना? विमान तर नाही?"

तर तीनही नकारांचं नेमकं कारण मला लेखी हवं आहे. लेखी. एसएमएस नको, धून नको. दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्जाच्या चौकशीच्या नोंदी माझ्या रिपोर्टमधून काढून घेण्याबद्दल ब्युरोला तुम्ही स्वतः कळवा आणि त्याची प्रत मला पाठवा. तुमच्या सिस्टिममध्ये बरोडा आणि वडोदरा एक करा. या गावात मी एकटा राहत नाही. आणि ते रेकॉर्डिंग ऐकून, घरात शिकलेलं कुणी आहे का या प्रश्नाबद्दल मला कुणीतरी नीट उत्तर द्या. गोड आवाजाची गरज नाही.

आजपासून ३० दिवस मोजतोय. मोजणं हा माझा धंदाच आहे. तोवर समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करीन. तिचा मसुदा तयार आहे, तारीख तेवढी घालायची आहे. तुमच्या बँकेत माझं बचत खातं आणि दोन मुदत ठेवी आहेत. गंमत म्हणजे त्यांच्या पावत्यांवर तुम्हीच 'बरोडा' छापलंय. तेव्हा पैसे घेताना गाव बरोबर ओळखलंत. त्यातली एक ठेव सप्टेंबरात पिकते, ती पुढे तुमच्याकडे ठेवणार नाही. दुसरीचं मुलीशी बोलून ठरवीन.

विमान कंपनीबद्दल मात्र वाईट वाटतं. आमच्या वडिलांची पिढी मुंबईला रात्रीच्या गाडीनं, पत्र्याची ट्रंक बर्थखाली ढकलून जायची. पत्नीला पहिल्यांदा विमानात बसवलं ते तुमच्याच. खिडकीतून खाली आमची विश्वामित्री नदी दिसली तेव्हा तिनं माझा हात धरला होता. पुढची फेरी दिवाळीत आहे. बुकिंग अजून केलेलं नाही.

आपला नाकारलेला अर्जदार

(नाव : तुमच्या तीन अर्जांत तीन प्रकारे लिहिलेलं आहे, एकात गुजरातच्या रिवाजाप्रमाणे आडनाव आधी, एकात शेवटी, एकात गायब. हवं ते घ्या.)

पत्ता : दांडिया बाजार, बरोडा
तसेच : दांडिया बाजार, वडोदरा

सोबत : तीन एसएमएसच्या छापील प्रती, क्रेडिट रिपोर्ट, लाइट बिल, वेरा (घरपट्टी) बिल, पदवीची झेरॉक्स आणि तुमच्याच मुदत ठेवीच्या पावतीची प्रत