दवाखाना जवळ आला, पण पुढचा रस्ता?

मुंबईत महापालिकेचे दवाखाने वाढवण्याची गरज मांडणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. संख्येबद्दल वाद नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने २०१३ मध्येच साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष ठेवला होता. २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ही वस्त्यांजवळ आला. अडते ते पुढे.

आमच्या शेजारच्या आजींचा मधुमेह दवाखान्यातच लक्षात आला. डोळे तपासायला त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे पुन्हा केसपेपर, पुन्हा रांग, पुन्हा रक्ततपासणी. आधीचा अहवाल पिशवीत होता. तो कोणी मागितलाच नाही. (पिशवी मात्र त्या अजून जपून ठेवतात.) आरोग्याच्या नोंदी जोडणाऱ्या ‘आभा’ या डिजिटल खात्याचा १४ अंकी क्रमांक नुसता मोबाइलमध्ये असून काय उपयोग?

दवाखान्यातूनच रुग्णालयातील तपासणीची वेळ ठरवून मिळावी आणि तिथल्या डॉक्टरांचा सल्ला पुन्हा त्याच दवाखान्यात पोहोचावा. मग दर महिन्याच्या गोळ्यांसाठी मोठ्या रुग्णालयाची वारी करावी लागणार नाही आणि तिथली गर्दीही थोडी ओसरेल. यासाठी नवी इमारत लागत नाही.

– एक वाचक, भांडुप (मुंबई)