महाकाय रेडिओ दीर्घिका चोपड्यासारख्या गावात बसूनही शोधता येतील

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीला आता संशोधन प्रकल्प आले आहेत. खानदेशातल्या महाविद्यालयांत खगोलशास्त्राचे नाव निघाले, की विषय दुर्बिणीच्या खर्चापाशी अडतो. महाकाय रेडिओ दीर्घिका, म्हणजे रेडिओ लहरींत प्रचंड लांब पसरलेल्या दीर्घिका (गॅलक्सी), शोधायला दुर्बीण घ्यावी लागत नाही. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. त्यांचा पसारा २५ किलोमीटर, म्हणजे साधारण जळगाव ते भुसावळ. त्यांनी १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या टीजीएसएस सर्वेक्षणात सुमारे ९० टक्के आकाश आले आहे आणि त्या प्रतिमा कोणालाही मोफत मिळतात.

दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवरात वायू पडत असतो, तेव्हा काही पदार्थ आत न जाता दोन विरुद्ध दिशांना, प्रकाशाच्या जवळपास वेगाने झोतासारखा बाहेर पडतो. हे झोत दीर्घिकेबाहेरच्या विरळ वायूवर आदळतात आणि दोन्ही टोकांना फुग्यासारखे ढग, म्हणजे लोब, फुगतात. टोकापासून टोकापर्यंत सुमारे २३ लाख प्रकाशवर्षे भरली, तर ती महाकाय. २०२४ मध्ये जाहीर झालेली पॉर्फिरियन ही झोतांची जोडी २.३ कोटी प्रकाशवर्षांची आहे. तिची मूळ दीर्घिका ठरवताना खोडदच्या निरीक्षणांचाही उपयोग झाला.

लोबमधले जास्त ऊर्जेचे, म्हणजे जास्त वारंवारतेवर चमकणारे, इलेक्ट्रॉन आधी थकतात. म्हणून जुने लोब १४०० मेगाहर्ट्झवर फिके पडतात, १५० वर टिकतात. सुरुवात टीजीएसएसपासूनच करावी ती यासाठी.

आकाशाच्या प्रतिमा पाहण्याची 'आलादीन' ही मोफत प्रणाली संगणकावर घ्यावी. टीजीएसएसच्या प्रतिमेवर १४०० मेगाहर्ट्झच्या एनव्हीएसएस या रेडिओ सर्वेक्षणाच्या समतीव्रता रेषा (सारख्या तेजाचे बिंदू जोडणाऱ्या) चढवाव्यात. समोरासमोर दोन पसरट डाग दिसले, की त्यांच्यामधला बिंदूसारखा गाभा, म्हणजे झोत जिथून निघतात ते केंद्र, ३ गिगाहर्ट्झच्या व्हीएलएएसएस या रेडिओ सर्वेक्षणात शोधावा. नेमक्या त्याच जागी पॅन-स्टार्स या दृश्य प्रकाशातल्या सर्वेक्षणाच्या प्रतिमेत दीर्घिका हवी. तिची ताम्रसृती (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला, ज्यावरून अंतर कळते) एसडीएसएस या सर्वेक्षणातून घ्यावी. ताम्रसृती ०.१ असेल तर आकाशातला १ विकला (अंशाचा ३,६०० वा भाग) सुमारे ६,००० प्रकाशवर्षांचा, ०.५ असेल तर सुमारे २०,००० चा. म्हणजे जवळची महाकाय दीर्घिका ६ कलांहून (१ कला म्हणजे ६० विकला) मोठी दिसायला हवी, दूरची २ कलांतही बसते.

फसगत होते ती इथे: गाभा टीजीएसएसमध्ये बहुधा दिसत नाही, म्हणून चांगली जोडी सोडून दिली जाते. उलट व्हीएलएएसएसमध्ये पसरट लोब गायब होतात, कारण त्या मांडणीत कमी अंतराच्या तबकड्यांच्या जोड्या पुरेशा नाहीत. तिथे लोब नसणे हा पुरावा नव्हे. सर्वांत घातक चूक म्हणजे गाभा सापडण्याआधीच बरोबर मध्यावरची ठळक दीर्घिका धरून बसणे. दोन्ही बाजू समान लांबीच्या असतातच असे नाही, आणि दोन डाग एकमेकांशी संबंध नसलेलेही असू शकतात. ताम्रसृती वर्णपटावरून न काढता रंगांवरून अंदाजलेली असेल, तर लांबीपुढे त्रुटीची मर्यादा (±) लिहावीच.

महाविद्यालयातला आहे तो संगणक कक्ष यासाठी पुरतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने भौतिकशास्त्राच्या प्रकल्पांत हा विषय घ्यावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आकाशाचा १०० चौरस अंशांचा तुकडा वाटून द्यावा, ही विनंती.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही शिक्षक, जळगाव व धुळे